उकिरड्याचा वास

हवालदार गोविंदाने टेबलावरून पिशवी पुढे सरकवली तेव्हा उकंडाने ती नेहमीसारखीच घेतली, म्हणजे डाव्या हाताने, आणि उजव्या हाताने चष्मा कपाळावर चढवला. वर्षानुवर्षांची सवय. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, तोंडाला सुतळी, आत कोणाचा तरी शर्ट नाहीतर चप्पल नाहीतर शाळेचं दप्तर, आणि समोरच्या बाकावर पदर तोंडात धरून बसलेली एखादी बाई. आज बाक रिकामा होता. पिशवीत निळी ओढणी होती, कडेला पांढऱ्या दोऱ्याची जाळी, आणि एका टोकाला ती जाळी उसवलेली, काळ्या दोऱ्याने टाचलेली. काळा दोरा का, तर त्या दिवशी घरात पांढरा सापडला नव्हता. त्याच्या बायकोने, नलूने दाताने दोरा तोडत म्हटलं होतं की इतक्या जवळून पाहायला कोण येणार आहे. आता ते टाके टेबलावर पडले होते आणि ठाण्यातला पंखा, वायरलेसची खरखर, बाहेर नाव लिहून घ्या म्हणून ओरडणारा कोणी दारुडा, सगळं जिथल्या तिथे चालू होतं. उकंडाला वाटलं, आपण पिशवी चुकीच्या हाताने घेतली.

"तिचीच हाये ना, भाऊ?" गोविंदाने विचारलं.

"तिचीच."

"बोरी अरबच्या पुलापाशी सापडली, बसथांब्याच्या मांगं." गोविंदाने आवाज उतरवला. गेली कित्येक वर्षं हा माणूस उकंडापुढे अशा पिशव्या ठेवत आला होता, पण आज त्याची नजर सारखी टेबलाच्या कडेवर जात होती. "साहेबानं बोट उतरवली हाये पाण्यात. पण अडाण नदीले पाणी लय हाये भाऊ, पथकवाले कुरकुर करून राह्यले. तुमी फक्त सांगा, येते का नाई. येत असंन तं माणसं पाण्यातच ठेवतो. नसंन येत तं सगळे रोडनं सोडतो, एस्टी, रेल्वे, पुणं, नागपूर. दोन्हीकडं पुरतीन येवढी माणसं नाई आमच्यापाशी, तुमाले तं मालूम हाये."

"घरी नेऊन पाह्यतो."

"अवो, इथंच पाहून घ्या ना. एक मिन्टाचं काम."

"घरी," उकंडा म्हणाला, आणि पिशवी काखेत मारून उठला. जयभीम घालायचंही त्याला सुचलं नाही.

येते किंवा येत नाही, या दोन उत्तरांवर उकंडाचा संसार उभा होता. माणूस मेलं, की ते कुठेही मेलेलं असो, त्याने अंगावर वागवलेल्या कपड्याला एक वास लागतो. मढ्याचा नव्हे, मढ्याचा वास कोणालाही येतो, त्यासाठी उकंडा लागत नाही. हा ओल्या उकिरड्याचा वास. पावसात भिजलेली राख, कपाशीच्या कुजलेल्या पऱ्हाट्या, शेण, उतू गेलेलं ताक, आणि या सगळ्याखालून वर येणारी ऊब. शर्ट नाकाशी धरला आणि ती ऊब आली, की शर्टाचा धनी गेला. नाही आली, तर तो कुठेतरी जेवतो आहे, झोपतो आहे, बायकोपासून तोंड लपवून फिरतो आहे. ही गोष्ट यवतमाळात सगळ्या ठाण्यांना ठाऊक होती आणि कोणी तोंडाने बोलत नव्हतं. कागदावर त्याचं नाव 'गुप्त बातमीदार' असं पडत असे. दत्त चौकाच्या अलीकडे, शिंप्याच्या दुकानावर त्याची खोली होती, तिच्या दारावरची पाटी पोरीने, मैत्रेयीने करून आणली होती: यू. जी. वानखडे, तपास सेवा. पूर्ण नाव घालायला ती तयारच नव्हती. "बाबा, उकंडा लिवलं तं लोकं केस घेऊन नाई येनार, कचरा घेऊन येतीन," असं म्हणून ती शिडीवर उभी राहून इतकी हसली होती की खालून शिंप्याने शिडी धरली.

नाव आईने ठेवलेलं, उकंडा म्हणजे उकिरडा. तिची आधीची लेकरं बारसं पाहायच्या आत गेली होती. बाप दीक्षा घेऊन आलेला, देव्हारा फडक्यात बांधून नदीत सोडून मोकळा झालेला. जुनं काही या घरात चालायचं नाही असं त्याने बजावून ठेवलं होतं. तो मजुरीला गेलेला पाहून आईने पाचव्या दिवशी लेकरू सुपात घातलं आणि गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारीण ठरल्याप्रमाणे मागून आली, कोणाची ही घाण पडली आहे म्हणून ओरडली आणि सूप उचलून घेऊन गेली. मग आईने पसाभर कोंडा देऊन आपलंच लेकरू तिच्याकडून विकत घेतलं. मरण चांगलंचुंगलं, लाडाचं लेकरू शोधत येतं, कचऱ्यातल्याकडे ढुंकून पाहत नाही, असा त्यामागचा हिशेब. हिशेब बरोबर ठरला. मरणाने उकंडाकडे पाहिलं नाही. फक्त बाजूने जाताना त्याचा पदर लेकराच्या नाकाला घासला असावा, असं आई सांगायची, आणि बापाला हे सगळं कळेपर्यंत शाळेत नाव लागून गेलं होतं.

बाहेर ऊन होतं. पाऊस उघडून काही दिवस झाले होते आणि सोयाबीनच्या गाड्या बाजार समितीकडे निघालेल्या, त्यांच्या भुशाने रस्त्यावरच्या सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. घराकडे, पाटीपुऱ्याला वळायचं तिथे उकंडा वळला नाही. सरळ गेला. आझाद मैदानाला एक फेरी घातली, एका रसवंतीपाशी उभा राहिला, रस सांगितला आणि न पिताच पैसे देऊन निघाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इतकी तंतोतंत कोणाच्या अंगावर बेतली नसेल, हे त्याचं त्यालाच जाणवलं आणि त्याला स्वतःचा भयंकर राग आला. एक मिनिटाचं काम. सुतळी सोडायची, कापड वर उचलायचं. किती आयांसमोर, किती बायकांसमोर त्याने ते केलं होतं. त्या टक लावून त्याच्या नाकपुड्यांकडे पाहत असायच्या आणि तो मनात म्हणायचा, बाई, मी काय करणार, जे आहे ते आहे. येत नसेल तर तो ताडकन सांगून टाकी. येत असेल तर काही बोलत नसे, मान खाली घालून बसे, आणि बाईला कळून जाई. मग तो जो हंबरडा उठायचा तो ऐकतानाही उकंडाच्या पोटात एक थंडपणा असायचा, आपलं काम बिनचूक झालं असा. आज तोच थंडपणा छातीत गोळा होऊन बसला होता आणि श्वास त्याला वळसा घालून जात होता.

आणि दुसरी एक गोष्ट होती, जी त्याने नलूलासुद्धा कधी सांगितली नव्हती. तो वास त्याला घाण वाटत नसे. जगात आल्यावर त्याच्या नाकाने घेतलेला तो पहिला धडाचा वास; आईच्या दुधाचा दुसरा असेल. मेलेल्या माणसाचा सदरा नाकाशी धरल्यावर एक क्षण, अगदी एकच क्षण, त्याला झोप आल्यासारखं, कोणी पांघरूण घातल्यासारखं वाटायचं, आणि मग शरमेने तो डोळे उघडायचा. मैत्रेयीच्या ओढणीतून ती ऊब आली, आणि आपल्याला बरं वाटलं तर? पोरगी मेल्याचं आपल्याला कळेल ते आधी बरं वाटून. हा विचार आला तेव्हा तो बाजाराच्या तोंडाशी होता आणि एका ऑटोवाल्याने त्याला आईवरून शिवी दिली. त्याने हात जोडले आणि बाजूला झाला.

तशी, नाक बाजूला ठेवून, साध्या माणसासारखी शोधाशोध त्याने केली होतीच. घर तिच्या कपड्यांनी भरलेलं होतं, पण त्याने एकालाही हात लावला नाही. नलूने सगळे कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली कुठे ठेवली ते त्याने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. पोलीस भरतीच्या निकालात मैत्रेयीचं नाव नव्हतं. दुसऱ्यांदा नव्हतं. सकाळी तिने पोहे खाल्ले, वर दाणे कमी पडले म्हणून नलूशी हुज्जत घातली, आता मी तुमच्याच ऑफिसात बसतो बाबा, तुमी सुंगा, मी सीसीटीव्ही पाह्यतो, असं म्हणाली, आणि अभ्यासिकेत जाते म्हणून निघाली. तिथे ती पोचली नाही. दुपारी फोन बंद झाला. तिला नाकाबद्दल माहीत होतं आणि तिचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. ती म्हणायची की बाबा तुमाले माणसाच्या घरच्यांच्या तोंडावरूनच कळून जाते, नाकाचं नुसतं निमित्त. पोरीचं ऐकावं म्हणून तो नाक खिशात घालून हिंडला. अभ्यासिकेच्या पोरींना विचारलं, बसस्टँडच्या चहावाल्यांना फोटो दाखवला, आणि मग एका पोरीच्या सांगण्यावरून राजूरला गेला.

राजूरला अक्षय नावाचा एक मुलगा कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडे कामाला होता. आधी तो यवतमाळला त्याच अभ्यासिकेत बसायचा, आणि मैत्रेयी त्याच्याशी फोनवर बोलायची. उकंडा वणीहून पुढे पोचला तेव्हा पाळी सुटत होती. काळ्या धुळीने भरलेली पोरं एकसारखी दिसत होती, त्यांतून अक्षय आपणहून पुढे आला. त्याच्या डोळ्यांभोवती तेवढी पांढरी वर्तुळं उरली होती. उकंडाने त्याला भिंतीशी घेतलं. चांगला उंचापुरा पोरगा, पण बापासमोर पोरं होतात तसा लहान झाला.

"कोठी हाये ते?" उकंडाने विचारलं.

"मले खरंच मालूम नाई, काका. आईची आन."

"आखरी काय बोलली?"

"त्याच दिवशी फोन आलता. सकाळी." अक्षय म्हणाला. "म्हणे, सगळे आता माह्या तोंडाकडं पाह्यतीन. जिथं मले कोनी वळखत नाई अशा एखाद्या ठिकानी जाऊन बसाव वाटते. मी म्हणलं, इकडं ये, तं हासली. म्हणे, तिथं तं तू वळखतो."

"हासली?"

"हाओ. हासली काका. म्हनून तं मी काही समजलो नाई." आणि तो रडायला लागला, तेव्हा त्या पांढऱ्या वर्तुळांतून दोन रेघा खाली आल्या.

त्या वाक्याचं काय करायचं ते उकंडाला परतीच्या एसटीत कळलं नाही आणि आता चालतानाही कळत नव्हतं. जिथे कोणी ओळखत नाही अशी जागा. ती पुण्याला एखाद्या मुलींच्या हॉस्टेलातली खाट असू शकते. ती अडाणच्या पुलाखालीही असू शकते. एकच वाक्य दोन्ही दारांत उभं राहत होतं, आणि त्याने आयुष्यभर ज्या कापडाच्या जोरावर दोन्हीतलं एक दार बंद केलं तसलंच एक कापड त्याच्या काखेत घामाने ओलं होत होतं. त्याला एकदम वाटलं, पिशवीला घाम लागतो आहे, ओढणीला माझाच वास लागेल. तो घाईने वळला आणि घराकडे निघाला.

नलू दारातच होती. गेल्या काही दिवसांत ती सतत दारात उभी असायची, पण रस्त्याकडे पाहायची नाही, चौकटीच्या लाकडाकडे पाहायची. हडकुळी बाई, डोक्याला तेल नाही, पण पोळ्या मात्र रोज तिघांच्या करायची आणि उरलेल्या सकाळी गाईला घालायची. पिशवी पाहून तिने हात पुढे केला. त्याने दिली. ती आत गेली, भिंतीला टेकून खाली बसली, सुतळी दाताने सोडली आणि ओढणी मांडीवर पसरून काळ्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिली.

"कोठी?" तिने विचारलं.

"बोरी अरबले. पुलापाशी."

तिने पूल हा शब्द ऐकला की नाही ते कळलं नाही. भिंतीवर बुद्धाच्या फोटोखाली मैत्रेयीची शाळेतली शिल्डं ओळीने होती, धावण्याची. उकंडा उभाच होता. आता ही म्हणेल, सुंगू नका, असं त्याला वाटत होतं, आणि तिने तसं म्हणावं म्हणून तो जवळजवळ वाट पाहत होता. नलूने ओढणी गोळा करून त्याच्यापुढे धरली.

"पाहा," ती म्हणाली. "माह्यासमोर पाहा."

"नलू..."

"पाहा म्हणलं ना."

तो तिच्यासमोर खाली बसला. चष्मा काढून जमिनीवर ठेवला. याआधी या घरात त्याने दोनदा असं कापड उचललं होतं. मैत्रेयीच्या आधीची दोन लेकरं, एक महिन्याचं, एक तेवढंही नाही, सरकारी दवाखान्यातून कपडे तेवढे परत आले होते आणि डॉक्टरांनी सांगितलेलं खरं मानवेना म्हणून त्याने ती अंगडी हुंगली होती. दोन्हींना आला होता. उकिरडा रक्ताची नाती पाहत नाही. मैत्रेयी झाल्यावर मात्र तिचं अंगडं, झबलं, पुढे शाळेचा फ्रॉक, काहीही हाताला आलं की तो नकळत नाकाशी न्यायचा आणि साबणाचा नाहीतर मातीचा वास आला की कामाला लागायचा. त्याने डोळे मिटले आणि ओढणीत तोंड खुपसलं.

खोबरेल तेल. पोरीचा घाम, मानेपाशी साचतो तसा, थोडा आंबूस. धूळ, एसटीच्या सीटचं रेक्झिन, ओल्या गवताचा हिरवट वास. राखेची त्याने वाट पाहिली. कुजलेल्या पऱ्हाटीची वाट पाहिली. खालून ऊब वर येते का म्हणून कापड नाकपुड्यांत दाबून तो थांबला, छाती फुटेस्तोवर थांबला. खोबरेल तेल. पुन्हा खोबरेल तेल. मग त्याच्या लक्षात आलं की आपण केव्हाचे रडतो आहोत आणि ओढणी भिजली आहे.

"येत नाई," तो म्हणाला. "नलू, येत नाई! जिती हाये पोरगी!"

नलूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिचा चेहरा असा काही झाला, की तिला तहान लागली आहे असं वाटावं.

"अजून एकडाव म्हणा," ती म्हणाली.

"येत नाई."

"अजून एकडाव."

"येत नाई वं माय. जिती हाये. कोठी तरी बसली असंन तोंड फुगवून, हलकट कुठली!" त्याला हसू फुटलं. त्याने गोविंदाला फोन लावला, आणि गोविंदाने पलीकडे कोणाला तरी हाक मारलेली, बोट काढा रे, सांगा त्यायले, काढा म्हणाव, असं ओरडलेलं त्याने कानाला फोन लावून ऐकलं, आणि ते त्याला सनईसारखं गोड लागलं. गोविंदा म्हणाला की पथक परत बोलावतो, माणसं आता नागपूर आणि पुण्याच्या गाड्यांच्या मागे लावतो, भाऊ तुमी एक घोट चहा घ्या. उकंडाने फोन ठेवला आणि खरंच चहाचं पाणी चढवायला गेला. कित्येक दिवसांनी पायांत जोर आला होता. साखरेचा डबा हुडकताना तो मोठ्याने बोलत होता: पुण्याला कोणाकोणाची पोरं आहेत, उद्याच निघू, सापडली की आधी दोन ठेवून देईन, मग पोटाशी धरीन, पोलीस नाही झाली तर काय आभाळ कोसळलं, नाक तर आहे बापाचं, सीसीटीव्ही लावू म्हणावं ऑफिसात. नलू जागची हलली नव्हती.

"बोट काढली का त्यायनं?" तिने बसल्या जागेवरून विचारलं.

"काढली असंन आतापर्यंत."

"समदे गेले घरी?"

"जातीनच ना. पाण्यात काय करतीन आता."

पाणी उकळायला लागलं. मग नलूच्या तोंडून एक आवाज आला, तो शब्द नव्हता, आणि तो आवाज उकंडाने आयुष्यात शेकडो वेळा ऐकलेला होता, पण त्याने मान खाली घातल्यावर. आधी कधीच नाही. तो गॅस तसाच सोडून बाहेर आला.

"त्यायले परत बोलवा," नलू म्हणाली. "तुमाले तिचा कधी येनारच नाई. मेली तरी येनार नाई. मी ठेवलं होतं तिले."

"कोठी ठेवलं होतं?"

"कुंडीपाशी. पाचवीच्या दिवशी, तुमी तपासाले गेलते. नगरपालिकेची शिमिटाची कचराकुंडी नोयती का, आता जिथं ते व्यायामाचे लोखंडं लावले हायेत? तिथं. सुपात." ती ओढणीशी बोलत होती. "शेजारच्या ममतानं उचललं. कोंडा कोठून आनाव इथं शहरात, तं चक्कीवरची झाडन आनली होती मी मुठभर. ते देल्ली तिले अन् घेतली पोरगी इकत. दोन गेल्या होत्या माह्या. तुमी म्हनलं होतं, आपल्यात हे चालत नाई, आपन शपथ घेतली हाये. म्हनून नाई सांगतलं."

म्हटलं होतं. त्याला तो दिवस आठवला, दवाखान्याच्या पायऱ्यांवर नलू अवघडून विचारत होती आणि तो, ज्याचं पोट त्या उकिरड्यावरच चाललं होतं, तो बापाच्या आवाजात तिला म्हणाला होता, की पुन्हा हे नाव काढू नको. तिने नाव काढलं नाही. ती गुपचूप गेली. आणि त्याला उमरखेडचा केरबा आठवला, म्हणजे उकंडाच्या नाकाची एकमेव चूक. म्हातारा घरातून नाहीसा झालेला, पोरांनी त्याचं मुंडासं आणून दिलं, त्याला नुसता तंबाखूचा वास येत होता. येत नाही, असं उकंडाने ठणकावून सांगितलं. पोरं बाजार, धर्मशाळा, देवस्थानं हिंडत राहिली, आणि केरबा घरामागच्या विहिरीत तरंगून वर आला. पोरांनी उकंडाची कॉलर धरली होती. तेव्हा घरची म्हातारी बाजूला बडबडत होती की याला जन्मल्यावर केरावरून ओढला होता हो, याला मरण कसं आलं, आणि उकंडाने ते दुःखातलं बरळणं समजून सोडून दिलं होतं. उकिरड्यावर ठेवून मरणापासून लपवलेलं माणूस मेलं, तरी त्याच्या कपड्यावर तो वास बसत नाही. किती साधी गोष्ट. आजवर मैत्रेयीचे फ्रॉक हुंगून तो जो निर्धास्त होत आला ते सगळं वांझ होतं. हातातली ओढणी म्हणजे आता नुसतं कापड, कोणाच्याही बापाच्या हातात असतं तसं.

"मंग आदी काहून नाई सांगतलं?" तो ओरडला. "मले काहून सुंगाले लावलं?"

"मले आयकाचं होतं," नलू म्हणाली. "तुमच्या तोंडून. दुसऱ्या बायायले सांगता तसं. खोटं का असेना, एकडाव आयकाचं होतं. मले वाटलं, आयकून घेतो अन् मंग सांगतो. अन् मंग सांगवेना." तिने डोळे पुसले नाहीत. "पन ते बोट काढतो म्हनले ना, तं मले राह्यवेना. पोरगी पान्यात असंन अन् हे लोकं घरी जाऊन जेवतीन."

आत चहाचं पाणी आटून भांडं करपायला लागलं होतं. ते दोघांनाही कळत होतं आणि कोणी उठलं नाही. त्याने तिच्यावर हात उचलला नाही, तिला शिवी दिली नाही. राग आला होता तो कुठे ठेवावा हेच त्याला समजेना. या बाईने पोरीला मरणापासून लपवलं होतं. इतकं चांगलं लपवलं होतं, की आता बापालाही सापडत नव्हती. तो तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसला, इतका जवळ की तिचा दंड त्याला लागला, आणि त्याला कळलं की आपण आता त्या बाकावर बसलो आहोत, आणि टेबलापलीकडे कोणीच नाही. ज्याला जाऊन विचारावं असा एकही माणूस या जिल्ह्यात नाही.

"अवो," नलूने त्याची बाही धरली. "पन उकिरड्यावरचं लेकरू मरत नाई ना? म्हनून तं ठेवतात. तुमी नाई का जिते? तुमीच सांगा. नाई तं मी ठेवलं कायले होतं तिले?"

ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती, टक लावून. या बाबतीत तो आजवर कोणत्याही आईशी खोटं बोलला नव्हता. विहिरीतून वर काढलेल्या केरबाचे पाय त्याच्या डोळ्यांसमोर आले, पांढरे, फुगलेले.

"नाई मरत," तो म्हणाला.

आणि तिने बाही सोडायच्या आतच त्याने गोविंदाचा नंबर लावला.

"हां भाऊ, निघालो आमी, माणसं गाडीत बसून राह्यली," गोविंदा म्हणाला.

"उतरव त्यायले," उकंडा म्हणाला. "बोट परत घाला पान्यात."

"म्हंजे? येते का मंग?"

नलू ऐकत होती.

"मले काहीच कळत नाई, गोविंदा," तो म्हणाला. "तुमी पाहा."